मुलांस सांगावयाच्या कुत्र्याच्या गोष्टी

दिवाळीची सुटी लागली म्हणजे आमचें नामपूरचें घर पुन्हां भरतें. एरवी ओटीवर आम्ही, माजघरांत थोरल्या वहिनी, आणि मळ्याचा कारभार पाहणारा पुतण्या व त्याची पत्नी, एवढाच संसार. पण वसुबारसेच्या सुमारास पुण्याकडचीं व नाशिककडचीं नातवंडें आलीं कीं घराला मोसम नदीच्या पुराची कळा येते. गेल्या दिवाळींत या पुराबरोबर आणखी एक जीव आमच्या अंगणांत आला. कांद्याच्या गाड्या ज्या रस्त्यानें बाजारांत जातात त्या रस्त्याच्या कडेला मुलांना एक काळें पिलूं सांपडलें. आई कोठें दिसेना. पिलाचा एक पाय दुखावलेला. मुलांनीं तें उचलून आणलें, जुन्या गोणपाटावर निजविलें, आणि दुधाची वाटी त्याच्यापुढें ठेवून मगच तीं हातपाय धुण्यास गेलीं. त्याचें नांव 'काळू' असें ठरलें, तेंही आम्हांस न विचारतां.

थोरल्या वहिनींनीं पहिल्याच दिवशीं मर्यादा आंखून दिली. त्या म्हणाल्या, "भावोजी, मुलांचा जीव रमतो आहे, माझी ना नाहीं. पण तें तुळशीवृंदावनाच्या अलीकडे येतां कामा नये." त्याप्रमाणें काळूचें बिऱ्हाड वृंदावनाच्या पलीकडे, गुरांच्या पडवींत पडलें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलें आमच्याभोंवतीं बसलीं आणि साहजिकच कुत्र्याची गोष्ट मागूं लागलीं. धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, माझ्या पुस्तकांत जपानच्या कुत्र्याची गोष्ट आहे. आपल्याकडे कुत्र्याच्या गोष्टीच नाहींत का?"

हा प्रश्न ऐकून आम्हांस प्रथम थोडी लाज वाटली, आणि मग जवळजवळ पंधरा रात्री आम्ही त्याचें उत्तर देत बसलों. त्या रात्रींत जें आठवलें, मुलांनीं जें उलट विचारलें आणि त्यावरून जें आमच्या ध्यानांत आलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. ज्यांच्या घरीं आजी-आजोबा व नातवंडें अजून एका छपराखालीं आहेत, किंवा निदान सुटींत तरी एकत्र येतात, त्यांस याचा कांहीं उपयोग होईल.

नातीच्या पुस्तकांतील गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. टोकियो येथें उएनो नांवाचे एक प्राध्यापक होते. त्यांचा हाचिको नांवाचा कुत्रा रोज संध्याकाळीं शिबुया स्टेशनावर धन्याला आणावयास जाई. १९२५ सालीं प्राध्यापक अकस्मात वारले. कुत्रा मात्र १९३५ सालीं मरेपर्यंत त्याच स्टेशनावर त्यांची वाट पाहत राहिला. तो जिवंत असतांनाच, १९३४ सालीं, तेथें त्याचा पुतळा बसविण्यांत आला. स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरींही अशीच एक हकीकत सांगतात. तेथील बॉबी नांवाचा लहानसा कुत्रा आपल्या धन्याच्या थडग्यापाशीं चौदा वर्षें राहिला, अशी त्याची ख्याति आहे. तो १८७२ सालीं मेला. त्याचाही पुतळा आहे, आणि १९१२ सालीं एलिनॉर ॲटकिन्सन या बाईंनीं त्याच्यावर लिहिलेली कादंबरी मुलांत फार प्रिय झाली.

या गोष्टी ऐकतांना डोळ्यांत पाणी येतें, आणि यावें हें योग्यच आहे. परंतु त्यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. दोहोंतही धनी आरंभींच मरतो. कुत्रा वाट पाहतो, झुरतो, निष्ठा पाळतो. माणसानें त्याच्यासाठीं काय करावयाचें होतें, हा प्रश्न उरतच नाहीं. कुत्र्याची परीक्षा होते, तो तींत उतरतो, आणि आपण पुतळा उभारून मोकळे होतों.

आपल्याकडील शाळकरी पुस्तकांत पाहावें तर दुसरीच तऱ्हा. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापाच्या नीतिकथा मराठींत आणल्या. तेव्हांपासून मराठी मुलाची कुत्र्याशीं पुस्तकी ओळख बहुधा पाण्यांतल्या प्रतिबिंबावर भुंकून तोंडचा तुकडा गमावणाऱ्या कुत्र्यापासून होते. तेथें कुत्रा म्हणजे लोभ. दुसऱ्या एका कथेंत त्याच्या मानेवर पट्ट्याचा वण पाहून लांडगा उपाशी राहणें पत्करतो. तेथें कुत्रा म्हणजे दास्य. तिसरींत तो गुरांच्या गव्हाणींत बसून स्वतः गवत खात नाहीं आणि बैलालाही खाऊं देत नाहीं. तेथें कुत्रा म्हणजे मत्सर. म्हणजे एकीकडे तो सद्गुणांचा पुतळा आणि दुसरीकडे दुर्गुणांचा. पण दोन्हींकडे तराजूंत बसविलेला असतो तो कुत्राच.

आमच्या जुन्या संस्कृत ग्रंथांतल्या कथा मुलांपुढें एकेक करून मांडूं लागलों, तेव्हां आम्हांस असें दिसून आलें कीं, तेथें हा तराजू फिरविलेला आहे. कुत्रा आपल्या जागीं उभा असतो. पारड्यांत बसतो तो माणूस. कुत्रा माणसाशीं कसा वागला हें त्या कथा फारसें विचारीत नाहींत. माणूस कुत्र्याशीं कसा वागला, हें विचारतात. या लेखांत सांगावयाचें तें एवढेंच.

पहिली गोष्ट सरमेची. ही ऋग्वेदांतली देवशुनी. दहाव्या मंडलांत तिचा व पणींचा संवाद आहे. पणींनीं गाई लपविल्या होत्या, त्यांचा माग काढीत सरमा रसा नदी ओलांडून गेली, आणि पणींनीं बहीण मानण्याचें आमिष दाखविलें तरी फितली नाहीं. पण मुलांना सांगावयाची तिची खरी गोष्ट महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्यपर्वाच्या अगदीं आरंभीं आहे. जनमेजय राजा आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करीत होता. तेथें सरमेचें पिलूं आलें. राजाच्या भावांनीं त्याला मारलें. तें रडत आईकडे गेलें. आईनें प्रथम त्यालाच विचारलें कीं, तुझ्याकडून कांहीं आगळीक झाली असेल. पिलानें सांगितलें कीं, मीं हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नाहीं, मग चाटणें दूरच. तेव्हां ती कुत्री सरळ यज्ञमंडपांत गेली आणि तिनें राजाला विचारलें: माझ्या मुलाचा अपराध काय? कोणींच उत्तर दिलें नाहीं. निरपराध्याला मारलेंत, तेव्हां तुमच्यावर न दिसणारें भय येईल, असा शाप देऊन ती निघून गेली. आणि एवढा मोठा राजा घाबरून, या पापाचें शमन करील असा पुरोहित शोधीत हिंडूं लागला.

ही कथा सांगतांना आमचा आवाज थोडा खालीं गेला, हें मोठ्या नातवाच्या लक्षांत आलें. तो म्हणाला, "आजोबा, काय झालें?" जें झालें होतें तें आम्हीं मुलांस सांगितलें, आणि येथेंही सांगतों.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही बागलाणांतील एका शाळेंत पांचवीच्या वर्गाला मराठी शिकवीत होतों. नदीपलीकडच्या वस्तींतून एक मुलगा येई. त्याच्यामागून त्याचा मोत्या नांवाचा पिवळट कुत्राही येई व शाळा सुटेपर्यंत पायरीशीं बसून राही. एके दिवशीं आम्ही वर्गांत धर्मराजाच्या स्वर्गारोहणाची कथा रंगवून सांगत होतों. बाहेर पावसाची सर आली. मोत्यानें उंबऱ्याच्या आंत दोन पाय टाकले. मुलें हंसलीं, कथेचा रंग गेला, आणि आम्हांस राग आला. आम्हीं हातांतली छडी फेंकली. ती त्याच्या डोळ्याच्या वर लागली व रक्त आलें. तो ओरडतही नव्हता. नुसता मागें सरला. मुलगा उठला, त्यानें दप्तर घेतलें आणि एक शब्दही न बोलतां तो पावसांत निघून गेला. आम्हीं पुढें कथा चालू ठेवली. ती कोणी ऐकत नव्हतें.

आठ दिवस मुलगा आला नाहीं. नवव्या दिवशीं आम्ही नदी ओलांडून त्याच्या घरीं गेलों. दारांत त्याची आजी वाटाण्याच्या शेंगा सोलीत बसली होती. तिनें आमचा मान राखला, पाणी दिलें. मग अहिराणींत शांतपणें विचारलें कीं, गुरुजी, आमच्या मोत्यानें तुमचें काय बिघडविलें होतें? तिनें महाभारत वाचलें नव्हतें. तिला अक्षरओळखही नव्हती. पण प्रश्न अक्षरशः सरमेचा होता, आणि जनमेजयाच्या भावांप्रमाणेंच आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. चूक झाली, असें आम्ही म्हणालों. मुलगा दुसऱ्या दिवसापासून येऊं लागला. मोत्याला पावसांत व्हरांड्याच्या कोपऱ्यांत बसण्याची मोकळीक झाली. त्याच्या डोळ्यावरची खूण मात्र अखेरपर्यंत राहिली, आणि रोज सकाळीं ती आम्हांस दिसे.

त्यानंतरच्या रात्रीं आम्हीं रामराजाच्या दारच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. ही वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडांत, प्रक्षिप्त म्हणून छापलेल्या सर्गांत येते. म्हणून कित्येकांच्या वाचनांतून निसटते. रामाच्या राज्यांत कोणाची तक्रार आहे का, हें पाहण्यास लक्ष्मण बाहेर गेला, तेव्हां दाराशीं डोकें फुटलेला एक कुत्रा उभा. परवानगीवांचून राजवाड्यांत, देवळांत किंवा ब्राह्मणाच्या घरांत आम्हीं शिरूं नये, असें तोच नम्रपणें सांगतो. रामानें त्याला आंत बोलाविलें. सर्वार्थसिद्ध नांवाच्या भिक्षुक ब्राह्मणानें त्याला काठीनें मारलें होतें. ब्राह्मण खोटें बोलला नाहीं. दिवसभर भिक्षा मिळाली नव्हती, भुकेनें जीव कासावीस झाला होता, कुत्रा वाटेंतून हलेना, तेव्हां रागाच्या भरांत हात उचलला, असें त्यानें कबूल केलें. ब्राह्मणाला शिक्षा कशी करावी, अशा विचारांत सभासद पडले. तेव्हां कुत्राच म्हणाला कीं, याला कालंजर येथील मठाचा कुलपति करा. सभा चकित झाली. ही तर बढती! कुत्र्यानें खुलासा केला कीं, मागल्या जन्मीं मी तेथेंच कुलपति होतों. सर्व नीट वागूनही त्या अधिकारानें मला या योनींत आणलें. मग ज्याला राग आवरत नाहीं त्याची गत काय होईल?

मुलें या शेवटावर पोट धरधरून हंसलीं. आमच्या ओळखीच्या कांहीं संस्थांचे विश्वस्त आठवून आम्हांसही हंसूं आलें. परंतु हंसणें ओसरल्यावर मोठ्या नातवानें विचारलें, "रामानें कुत्र्याचें म्हणणें ऐकून घेतलें, पण ब्राह्मणाचेंही ऐकलें, हो ना?" मूल कथेच्या गाभ्याशीं किती लवकर पोंचतें! उपाशी माणूस आणि मार खाल्लेला कुत्रा, दोघांचीही बाजू त्या सभेंत मांडली गेली. ही कथा आपल्याच जातीच्या माणसाला पिंजऱ्यांत उभें करते, म्हणून ती आपल्या घरांत सांगण्यास कोणी कचरूं नये. उलट, ती आधीं आपल्याच घरांत सांगावी.

हितोपदेशांतल्या धोब्याच्या गाढवाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहेच. चोर घरांत शिरतो, कुत्रा भुंकत नाहीं, गाढव ओरडतें आणि झोपमोड झालेल्या धन्याच्या हातचा मार खाऊन मरतें. दुसऱ्याच्या कामांत पडूं नये, असें तात्पर्य आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून दिलें. नात मात्र म्हणाली, "पण कुत्रा सांगतो ना, कीं धनी त्याला नीट जेवायलाच घालीत नाहीं? मग चूक कोणाची?" खरेंच, ग्रंथांत कुत्र्याची तक्रार स्पष्ट नमूद आहे. निर्धास्त झालेला धनी आपल्या अन्नाविषयीं बेफिकीर झाला आहे, असें तो म्हणतो. इतकीं वर्षें ही कथा शिकवून त्या तक्रारीकडे आमचें लक्ष गेलें नव्हतें.

आणि मग अर्थातच महाप्रस्थानिकपर्व. पांच पांडव आणि द्रौपदी उत्तरेकडे निघाले, त्यांच्यामागून एक कुत्रा निघाला. वाटेंत द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीम पडले. युधिष्ठिर आणि कुत्रा राहिले. इंद्र रथ घेऊन आला व कुत्र्याला सोडून रथांत बैस, असें म्हणूं लागला. युधिष्ठिर म्हणाला, हा माझा भक्त आहे, याला टाकून मला स्वर्ग नको. शरणागताला टाकणें, स्त्रीवध, ब्राह्मणाचें धन हरण करणें आणि मित्रद्रोह, या चार पापांच्या तोलाचें पाप म्हणजे भक्ताचा त्याग, असें त्यानें इंद्राला सांगितलें. तेव्हां कुत्र्याच्या रूपांतला धर्म प्रगट झाला.

एक बारकावा मुलांना मुद्दाम दाखवावा. कुत्रा हा धर्म आहे हें युधिष्ठिराला ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तर कथेंत कांहीं अर्थच उरला नसता. त्या क्षणीं त्याच्या दृष्टीनें तो वाटेंत मागें लागलेला एक सामान्य कुत्रा होता, आणि पलीकडे इंद्राचा रथ. दुसरा बारकावा असा कीं, या कुत्र्यानें युधिष्ठिरासाठीं कांहींच पराक्रम केलेला नाहीं. त्यानें वाघ मारला नाहीं, बुडणाऱ्याला वांचविलें नाहीं. तो नुसता बरोबर चालत आला. तेवढ्यावरून त्याचा हक्क उत्पन्न झाला. महाभारताच्या अठरा पर्वांच्या आरंभीं राजाचे भाऊ एका पिलाला निष्कारण मारतात, आणि अखेरीस त्याच कुळाचा पूर्वज एका कुत्र्यासाठीं स्वर्ग नाकारतो. हीं दोन टोकें मुलांपुढें जोडून ठेवलीं कीं निराळें तात्पर्य सांगण्याची गरज राहत नाहीं.

संतपरंपरेतली नामदेवांची गोष्ट धाकट्यांना फार आवडते. कुत्र्यानें कोरडी भाकर पळविली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले, कारण कोरडी भाकर त्याच्या घशाखालीं कशी उतरेल ही चिंता. ही सांगितली त्या रात्रीं वहिनीही चौकटींत येऊन उभ्या राहिल्या होत्या.

आतां इतिहासाकडे वळूं. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. तेथें थोरल्या शाहूमहाराजांची समाधि आहे, आणि त्यांच्या आवडत्या कुत्र्याचेंही दगडी स्मारक दाखवितात. लोक त्याला खंड्या म्हणतात. शाहूमहाराज १७४९ सालीं निवर्तले. १८२६ सालीं छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत ग्रँट डफ लिहितो कीं, वाघाच्या शिकारींत या कुत्र्यानें महाराजांचा प्राण वांचविला होता. म्हणून महाराजांनीं त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदां भरदरबारांत त्याला जरीचीं वस्त्रें व दागिने चढवून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली. ग्रँट डफाला यांत बुद्धिभ्रंश दिसला. आमच्या नातवंडांना तसें कांहीं दिसलें नाहीं. नातवाचा प्रश्न एवढाच होता कीं, जहागिरीचा वसूल कुत्र्याच्या वतीनें कोण घेत असे. या प्रश्नाचें उत्तर आम्ही देऊं शकलों नाहीं.

माहुलीवरून गोष्ट रायगडावर गेल्याशिवाय राहत नाहीं. शिवछत्रपति १६८० सालीं कैलासवासी झाले, तेव्हां वाघ्या नांवाच्या कुत्र्यानें त्यांच्या चितेंत उडी घेतली, असें सांगतात. महाराजांच्या समाधीजवळ या वाघ्याचा पुतळा आहे. तो विसाव्या शतकांतला असून त्याच्या उभारणीस इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचें साहाय्य झालें होतें. राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकामुळें ही गोष्ट मराठी मनांत खोल रुजली. परंतु समकालीन कागदपत्रांत या घटनेला आधार मिळत नाहीं, आणि म्हणूनच त्या पुतळ्यावरून वाद झाले. २०२५ सालींही तो वाद पुन्हां उठला.

येथें घरोघरच्या आजोबांची अडचण होते. "हें खरें का?" असें मूल विचारणारच. आम्ही शाळेंत असतां ही गोष्ट इतिहास म्हणून सांगत आलों, आणि तें चुकलें, असें आतां आमचें मत झालें आहे. मोठें झाल्यावर मुलाला कळतें कीं आपल्याला सांगितलें त्याला पुरावा नव्हता. मग ज्याला भक्कम पुरावा आहे त्या गोष्टीवरूनही त्याचा विश्वास उडतो. या वेळीं आम्हीं सरळ सांगितलें कीं, ही दंतकथा आहे. जुन्या कागदांत ती नाहीं. लोकांनीं ती मागाहून सांगितली. नातीनें विचारलें, "मग लोकांनीं ती कां सांगितली?" आम्ही म्हणालों कीं, आपल्या राजावर मुक्या जनावरानेंही इतका जीव लावला असावा, असें लोकांना वाटत होतें. तिला तें पटलें. दंतकथेला दंतकथा म्हटल्यानें तिची गोडी कमी होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. सरमेची कथा मुलें खरी-खोटी म्हणून ऐकत नाहींतच. जेथें इतिहासाचें नांव घ्यावयाचें तेथें मात्र माप चोख असावें.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, मास्तरांचें सर्व ठीक आहे, पण आज गांवोगांव मोकाट कुत्र्यांचा उपद्रव आहे, मुलांना चावे होतात, २०२५ सालीं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; अशा वेळीं मुलांना कुत्र्यांच्या गोष्टी सांगून त्यांच्याजवळ जाण्याचें धैर्य द्यावें काय? ही शंका रास्त आहे. म्हणून गोष्टीबरोबर कांहीं नियमही सांगावे. अनोळखी कुत्र्याच्या अंगाला हात लावूं नये. खात असलेल्या, निजलेल्या किंवा पिलें पाजणाऱ्या कुत्रीच्या जवळ जाऊं नये. कुत्रा अंगावर आला तर पळूं नये, स्थिर उभें राहावें. चावा किंवा ओरखडा झालाच तर घरांत रागावतील या भीतीनें लपवूं नये. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद असलें कांहीं न लावतां त्याच दिवशीं सरकारी रुग्णालय गांठावें आणि लशीच्या सर्व मात्रा ठरल्या दिवशीं पूर्ण कराव्या. हा रोग एकदां अंगांत प्रगट झाला कीं त्यांतून जवळजवळ कोणीच वांचत नाहीं. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. लुई पाश्चर यानें १८८५ सालीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यानें ही लस टोंचली, ही हकीकतही मुलांना सांगावी. मूल, कुत्रा आणि शहाणा माणूस असलेली तीही एक गोष्टच आहे. भीति आणि दया एकमेकींच्या आड येत नाहींत. काय करावें हें ठाऊक असलें म्हणजे दोन्हींना आपापली जागा मिळते.

असो. सुटी संपत आली. निघण्याच्या आदल्या रात्रीं कोणीं गोष्ट मागितली नाहीं. बराच वेळ गप्प बसून नात म्हणाली, "आजोबा, आम्ही गेल्यावर काळूचें काय?"

पंधरा रात्री आम्ही ज्या कथा सांगत होतों, त्या सर्वांचा हिशेब आतां आमच्याच दारांत मागितला जात होता. 'होईल कांहीं तरी' असें म्हणणें सोपें होतें. मुलें दुसऱ्या दिवशीं आपापल्या गांवीं गेलीं असतीं, आणि उन्हाळ्याच्या सुटींत 'तें कोठें तरी निघून गेलें' असें सांगतां आलें असतें. पुष्कळ घरांत असेंच घडतें. परंतु मोत्याच्या डोळ्यावरची खूण आम्हांस आठवली. आम्हीं मुलांना खरें तें सांगितलें. असा कुत्रा दहा-बारा वर्षें जगतो. आमचें वय आज अडुसष्ट आहे. तेव्हां हें वचन आमच्या एकट्याच्या आयुष्यांत मावेल अशी खात्री देतां येत नाहीं. आणि न मावणारें वचन देणें म्हणजे फसवणूक.

पुतण्या दिवा मालवण्यास आला होता, तो तेथेंच थांबला. तो म्हणाला, "काका, तुमच्या मागें मी आहें. मळ्यावर राखण लागतेच." त्याच्या पत्नीनें, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेऊन त्याला लस टोंचून घेण्याचें पत्करलें. नातवानें वहींत काळूचा अंदाजें जन्ममहिना, लशीची तारीख आणि जबाबदार माणसांचीं नांवें क्रमानें लिहून ती वही आमच्या फडताळांत ठेविली. आमचें नांव पहिलें, पुतण्याचें दुसरें. तिसरी ओळ त्यानें कोरी सोडली होती. वहिनी चष्मा लावून तें वाचीत होत्या. त्या म्हणाल्या, "नैवेद्यानंतर कुत्र्याचा घास काढून ठेवण्याची आपल्या घरची रीत आहेच. इतके दिवस तो कोण खातें हें ठाऊक नव्हतें. आतां खाणारा ठरला." वृंदावनाची मर्यादा मात्र त्यांनीं मागें घेतली नाहीं, आणि आम्हींही तसा आग्रह धरला नाहीं.

सकाळीं मुलें एस. टी. नें गेलीं. काळू लंगडत वेशीपर्यंत गाडीमागें गेला, धूळ खालीं बसेपर्यंत उभा राहिला, आणि मग आमच्याबरोबर घरीं परत आला. आतां त्याचा पाय बरा आहे. दर रविवारीं नातीचा फोन येतो, आणि आमच्या प्रकृतीची चौकशी ती दुसऱ्या क्रमानें करते.

वाचकांस आमची एवढीच विनंति कीं, या सुटींत घरच्या मुलांना कुत्र्याची एखादी जुनी गोष्ट अवश्य सांगावी. मात्र ती सांगण्यापूर्वीं, गोष्ट संपल्यावर मूल काय मागेल याचा घरांतल्या वडील माणसांनीं एकत्र बसून विचार करून ठेवावा. आणि जें पुरें करतां येईल तेंच वचन द्यावें.